माल जातो, गाडी परत येते

गेल्या दिवाळीत निपाणीला मामाकडे गेले होते. फराळाला सगळे बसलेले. कुणाचा मुलगा दुबईला गेला, कुणाची सून कॅनडाला, असं चाललं होतं. मी सहज विचारलं, "मामा, तू कधी परदेशात गेलायस काय?" मामा बारा चाकी ट्रक चालवतो. चिवड्याचा घास संपवून शांतपणे म्हणाला, "गेलोय की. पाच-सहाशे मीटर."

सगळे हसले. मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही. मामाची गाडी नाशिकच्या एका ट्रान्सपोर्टला लावलेली आहे आणि कांदा घेऊन तो पश्चिम बंगालातल्या पेट्रापोलपर्यंत जातो. तिथं फाटक ओलांडलं की बांगलादेश लागतो. पलीकडच्या बेनापोलच्या यार्डात माल उतरवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. पाच-सहाशे मीटरचा परदेश म्हणजे हाच.

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असं सरांनी सांगितल्यावर आधी कथाच डोक्यात होती. पण मामाचं ते वाक्य काही सुटेना. एकोणीसशे किलोमीटर धावलेली गाडी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर का अडते, हे समजून घ्यायला गेले आणि बरंच काही हाती लागलं. तेच इथे मांडते आहे. वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना यातलं काही माहीत असेल. त्यांनी चुका दाखवाव्यात.

आधी 'फुल लोड' म्हणजे काय ते सांगते. बेळगावातून पुण्याला दोन खोकी पाठवायची असली तर आपण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जातो, वजन होतं, पावती मिळते. ती खोकी इतर पन्नास जणांच्या मालाबरोबर जातात, वाटेत गोडाऊनमध्ये उतरतात, पुन्हा दुसऱ्या गाडीत चढतात. हा झाला फुटकर किंवा पार्ट लोड. फुल लोडमध्ये सगळी गाडीच एका मालकाच्या मालासाठी ठरवलेली असते. भाडं किलोवर नाही, गाडीवर ठरतं. जागा उरली तरी पैसे पूर्ण द्यायचे. मग लोक फुल गाडी का घेतात? कारण माल एकदा भरला, ताडपत्री आवळली, दोर बांधला की मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला कुणाचा हात लागत नाही. मोडतोड कमी, चोरी कमी, वेळ कमी. कांदा, संत्रा, द्राक्षं अशा नाशवंत मालाला तर दुसरा पर्यायच नसतो. या सगळ्या व्यवसायाचा जीव 'मध्ये हात लागणार नाही' या एका गोष्टीत आहे, हे लक्षात ठेवा. सीमेवर नेमकं तेच मोडतं.

मामाच्या गाडीचं उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार अ‍ॅक्सलच्या, म्हणजे बारा चाकी गाडीचं भरलेल्या मालासकट एकूण वजन ३१ टनांवरून ३५ टन झालं. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण २५ टन माल बसतो. पन्नास किलोची गोणी धरली तर पाचशे गोण्या. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात व्यापारी लिलावात कांदा घेतो, खळ्यावर निवडतो, गोण्या शिवतो आणि हमाल एकावर एक थप्पी लावत गाडी भरतात. मग धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा रस्ता. दिवसाला चारशे किलोमीटर धरले तर पाचव्या दिवशी कोलकात्याच्या पुढे निघालेलं असायचं.

तिथून शेवटचा टप्पा जेशोर रोडचा. कोलकात्यापासून सीमेपर्यंत साधारण ऐंशी किलोमीटर. दोन्ही बाजूंना जुने प्रचंड वृक्ष आहेत, त्यांच्या फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या. हा रस्ता रुंद करण्यासाठी आणि रेल्वेवरचे पूल बांधण्यासाठी साडेतीनशेहून अधिक झाडं तोडायची की नाही, यावर वर्षानुवर्षं कोर्टात खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरावी, असं सुचवलं होतं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "झाडं चांगलीच हाईत. पण ताडपत्री फाटती की गं फांदीला." दोन्ही बाजू खऱ्याच आहेत.

सीमेच्या अलीकडचं मोठं गाव म्हणजे बनगाव. मराठी वाचकाला हे नाव अगदी परकं असू नये. 'पथेर पांचाली'चे लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय याच बनगावच्या शाळेत शिकले. त्यांच्या काळी बनगाव हा जेशोर जिल्ह्याचा भाग होता. १९४७ मध्ये फाळणीची रेघ या जिल्ह्यातून गेली. जेशोर पलीकडे राहिलं, बनगाव अलीकडे आलं. जो रस्ता एका जिल्ह्यातल्या दोन गावांना जोडत होता, त्याच रस्त्यावर आज दोन देशांची कस्टम ऑफिसं समोरासमोर उभी आहेत. भारत आणि बांगलादेश यांच्यात जमिनीवरून जो व्यापार होतो, त्यातला सुमारे ७० टक्के या एका फाटकातून जातो. सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे आणि मालाचा एवढा मोठा लोंढा एका अरुंद रस्त्याच्या टोकाला येऊन थांबतो.

तिथं पोचल्यावर काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे रांग. गाडी सरळ फाटकापर्यंत जात नाही. बनगावच्या परिसरात पार्किंग आहेत, तिथं नंबर लावायचा. पूर्वी या रांगेत कोण पुढे जाणार आणि कोण मागे राहणार हे फार अपारदर्शक होतं. पंधरा-वीस दिवस, कधी महिनाही गाड्या उभ्या राहत. २०२२ पासून पश्चिम बंगाल सरकारने 'सुविधा' नावाची ऑनलाइन पद्धत सुरू केली. शुल्क भरून दिवस आणि वेळ आधी ठरवता येते. मामा म्हणतो, फरक पडला. पण शुल्क आहेच आणि गर्दीच्या दिवसांत थांबणंही आहेच.

मग कागद. देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला बिल्टी, बीजक आणि ई-वे बिल एवढं पुरतं. इथं निर्यातदाराचा कस्टम एजंट शिपिंग बिल दाखल करतो. कांद्याला कीड-रोग नाही, असं वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. पलीकडच्या आयातदाराच्या बँकेचं पतपत्र लागतं. कस्टमने माल सोडायचा हुकूम दिला की गाडी आणि ड्रायव्हर यांच्या नावाचा एक पास बनतो. त्याला सगळे 'कार पास' म्हणतात. हा पास म्हणजे व्हिसा नव्हे. यावर ड्रायव्हर बेनापोलच्या यार्डापर्यंत जाऊ शकतो आणि माल उतरवून परत येऊ शकतो, तेवढंच. यार्डाबाहेर गावात फिरायचं नाही.

बेनापोलच्या यार्डात मागच्या बाजूंनी दोन ट्रक एकमेकांना टेकवून उभे करतात. एक भारतीय नंबरचा, एक बांगलादेशी नंबरचा. पाचशे गोण्या हमालांच्या पाठीवरून या गाडीतून त्या गाडीत जातात. कांद्यासारखा माल बहुधा असा थेट गाडीतून गाडीत जातो. बाकीचा माल यार्डाच्या गोदामात उतरतो आणि बांगलादेशी गाडी मिळेपर्यंत तिथेच पडून राहतो. काही वेळा तर ही अदलाबदल दोनदा होते. लांबून आलेली गाडी बनगावातच रिकामी करतात, माल स्थानिक ट्रकमध्ये भरतात, तो स्थानिक ट्रक सीमा ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा तिसरी गाडी. नाशिकला भरलेली गोणी ढाक्याच्या शामबाजारात पोचेपर्यंत तिला किती हात लागले, ते मोजा. फुल लोडचे पैसे भरून पार्ट लोडचे हाल, असं मामा म्हणतो. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

गाडी पुढे ढाक्यापर्यंत का जाऊ शकत नाही? रस्ते जोडलेले आहेत. दोन्ही देशांत गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण अशी की, मामाच्या गाडीचा परमिट, विमा, रोड टॅक्स आणि मामाचं लायसन्स या चारही गोष्टी फाटकाशी संपतात. पलीकडे अपघात झाला तर भारतातल्या विम्याचा उपयोग नाही. गाडी तिथेच विकून टाकली तर? बांगलादेशच्या दृष्टीने तो न भरलेला आयातकर झाला. गाडीत आणखी काही लपवलेलं असेल तर? येताना काही आणलं तर? या सगळ्या शंकांवर दोन देशांत करार लागतो. तो होईपर्यंत सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाडी थांबवणं आणि माल बदलणं.

आता याची किंमत. मी मामाबरोबर बसून कागदावर हिशेब केला. आकडे अंदाजाचे आहेत, पण पद्धत खरी आहे. गाडीच्या कर्जाचा हप्ता महिन्याला समजा ६०,००० रुपये. म्हणजे दिवसाला २,००० रुपये, गाडी चालो की उभी राहो. सीमेवर दहा दिवस गेले तर २०,००० रुपये नुसत्या उभ्या राहण्याचे. २५ टन कांद्यावर ते वाटले तर किलोमागे ८० पैसे. त्यात ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता नाही, पार्किंग नाही, दोन वेळची हमाली नाही. शिवाय कांदा दहा दिवसांत सुकतो आणि तळाच्या गोण्यांत सडतो. शंभरात चार किलो गेला धरलं तरी गाडीमागे एक टन. ही सगळी रक्कम शेवटी कुठून निघते? व्यापारी ढाक्याचा भाव पाहतो, त्यातून वाटेतला खर्च वजा करतो आणि उरेल त्या हिशेबाने लासलगावला बोली लावतो. म्हणजे बनगावच्या पार्किंगमधला प्रत्येक दिवस थोडा ढाक्याच्या गिऱ्हाइकाच्या आणि थोडा निफाडच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो. कुणाचा वाटा किती, हे त्या हंगामात माल किती आहे यावर ठरतं. माल मुबलक असला की भार बहुतेक शेतकऱ्यावरच पडतो.

जागतिक बँकेने २०२१ मध्ये पूर्व दक्षिण आशियातल्या वाहतुकीवर एक अहवाल काढला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात आणि एवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमेवर सहा तासांपेक्षा कमी वेळ लागतो, असं त्यात नोंदवलं आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी थबकले. भारतातल्या कंपनीला शेजारच्या बांगलादेशापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं.

थांबण्याचा धोका कसा असतो, ते २०२० च्या सप्टेंबरात दिसलं. देशात कांद्याचे भाव चढले म्हणून १४ सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी जाहीर केली, तीही त्याच दिवसापासून. त्या क्षणी पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवर भरलेले ट्रक रांगेत उभे होते. हा माल बंदीच्या आधी निघाला होता, पण फाटक ओलांडलेलं नव्हतं. सप्टेंबरचं दमट हवामान आणि ताडपत्रीखाली गच्च भरलेला कांदा. चार-पाच दिवसांनी २५,००० टनांपुरती सूट मिळाली, तोपर्यंत बराच माल नासला होता. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी आली आणि काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. तिथल्या कार्यक्रमात त्यांनी हिंदीतून सांगितलं की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे. सभागृह हसलं. पण त्यांची पुढची मागणी गंभीर होती: असं काही करणार असाल तर थोडं आधी कळवा. रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरचीही मागणी तीच असते.

कांद्यासारखीच गोष्ट विदर्भातल्या संत्र्याची. अमरावतीकडच्या वरूड-मोर्शी भागातली संत्री वर्षानुवर्षं बांगलादेशात जात होती. तिथल्या सरकारने आयात शुल्क दरवर्षी वाढवत नेलं आणि २०२३ मध्ये ते किलोला ८८ रुपयांपर्यंत गेलं. तिथं तर गाडी अडवायचीही गरज पडली नाही. भरायलाच कुणी येईना.

मग यावर उपाय नाहीच का? आहे, आणि तो जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मोडलेले देश पुन्हा उभे राहत होते आणि प्रत्येक सीमेवर ट्रक उघडून तपासायचा तर काहीच पोचलं नसतं. तेव्हा १९४९ मध्ये काही देशांनी एक व्यवस्था सुरू केली. तिचंच पुढचं रूप म्हणजे १९७५ चा टीआयआर करार. कल्पना साधी आहे. माल जिथं भरतो तिथल्याच कस्टमने तो तपासायचा, ट्रकच्या पेटीला सील लावायचं आणि गाडीबरोबर एक पुस्तिका द्यायची. तिला कार्नेट म्हणतात. वाटेतल्या देशांनी सील शाबूत आहे का एवढंच बघायचं, पेटी उघडायची नाही. मध्येच माल गायब झाला तर त्यावरच्या कराची हमी आंतरराष्ट्रीय साखळीतली संस्था देते. म्हणजे दोन देशांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्याची गरज राहत नाही. दोघांनी सीलवर आणि हमीवर विश्वास ठेवला की पुरे. युरोपातल्या ट्रकच्या मागे निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत टीआयआर लिहिलेलं दिसतं, ते हेच. भारत या करारात २०१७ मध्ये सामील झाला, ७१ वा सदस्य म्हणून. पण कार्नेट चालायला वाटेतले सगळे देश त्यात असावे लागतात. आणि दुसरी अडचण मामाने दाखवली: "सील कुठं लावणार? कांद्याच्या गाडीला ताडपत्रीच की." बंद पेटीत कांदा घामेजतो. त्याला वारा लागतो. सीलची कल्पना कंटेनरसाठी चांगली, उघड्या गाडीसाठी तितकीशी नाही. हे मला कुठल्याही अहवालात सापडलं नव्हतं.

आपल्या भागात याच दिशेने झालेला प्रयत्न म्हणजे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटार वाहन करार. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये त्यावर सह्या झाल्या. एका देशाचा ट्रक परमिट घेऊन दुसऱ्या देशात थेट जाईल, असं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्याला चाचणीचा ट्रक गेला. एरवी कोलकात्याहून आगरतळ्याला जायचं तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, आसाम-मेघालयातून वळसा घालून साधारण पंधराशेहून जास्त किलोमीटर पडतात. बांगलादेशातून ते अंतर साडेसहाशेच्या आत आलं. पुढच्या वर्षी ढाक्याहून निघालेला ट्रक माल न बदलता दिल्लीपर्यंत आला. सगळं जमतं, हे सिद्ध झालं. पण भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने करार नाकारला. एवढ्याशा देशात मोठ्या गाड्यांचा लोंढा आला तर हवेचं आणि आपल्या वाहतूकदारांचं काय, ही त्यांची काळजी होती आणि ती मला तरी चुकीची वाटत नाही. २०१७ मध्ये भूतानने बाकी तिघांना पुढे जायला सांगितलं. नियमावली, शुल्क, कोणते रस्ते, किती गाड्या यांवर बैठका होत राहिल्या. मामाची गाडी अजून पाच-सहाशे मीटरच जाते.

नेपाळकडे चित्र वेगळं आहे. रक्सौलहून पलीकडे बीरगंजला भारतीय ट्रक कागद दाखवून, दिवसाप्रमाणे शुल्क भरून आत जातो आणि माल न बदलता काठमांडूपर्यंत चढतो. तिथल्या कस्टमला 'भन्सार' म्हणतात. आपले ड्रायव्हर तोच शब्द वापरतात. पण २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने याच नाक्यावर वाहतूक अडली आणि ट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या, तेव्हा खुल्या सीमेवरचं फाटकही बंद होऊ शकतं, हे कळलं. पंजाबात अटारी-वाघाला तर अनेक वर्षं हमालच माल डोक्यावरून रेघेपर्यंत नेत आणि पलीकडचा हमाल तो आपल्या डोक्यावर घेई. फाळणीनंतर पहिल्यांदा तिथून ट्रक पलीकडे गेले ते २००७ च्या ऑक्टोबरात. २०१९ पासून तो व्यापार जवळजवळ थांबलेलाच आहे.

पेट्रापोलला इमारती मात्र सुधारल्या. २०१६ मध्ये तिथं एकात्मिक चेकपोस्ट सुरू झालं: मोठं यार्ड, वजनकाटे, गोदामं, सगळी ऑफिसं एका आवारात. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मैत्री द्वार' नावाचं मालगाड्यांसाठीचं नवं फाटक उघडलं. पण फाटक कितीही रुंद केलं तरी आत काय सोडायचं हे दिल्ली आणि ढाका ठरवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सुताची आयात बेनापोलसह जमिनीवरच्या नाक्यांतून बंद केली. मे महिन्यात भारताने सांगितलं की बांगलादेशातले तयार कपडे जमिनीवरून येणार नाहीत, ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतून येतील. ढाक्याहून ट्रकने काही दिवसांत कोलकात्याला येणारा शर्ट आता जहाजाने श्रीलंकेला वळसा घालून उरणला येऊ शकतो, हे नकाशावर बोट फिरवून बघा.

आपल्याकडे, बेळगावात, 'सीमा' हा शब्द उच्चारला की वेगळ्याच गोष्टी आठवतात. त्यात मी शिरत नाही. पण ट्रकपुरतं बोलायचं तर आपल्या घरच्यांनी हा सगळा प्रकार पाहिलेला आहे. निपाणीजवळ कोगनोळीला राज्याचा चेकपोस्ट होता. आजोबा सांगायचे, निपाणीची तंबाखू घेऊन कोल्हापूरला निघालेली गाडी तिथं कागदांसाठी रात्रभर उभी राहायची. पुढे कुठल्या शहरात शिरायचं तर जकात नाका वेगळाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे कर तपासणीचे नाके एकामागून एक उठले. राज्याची रेघ जिथल्या तिथेच राहिली आणि गाड्या मात्र थांबायच्या बंद झाल्या. कोगनोळीला आज फास्टॅगचा बीप ऐकू येतो, बाकी काही नाही. तरी २०२१ मध्ये करोनाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय तिथून सोडत नव्हते, तेव्हा त्या जुन्या रांगा पुन्हा दिसल्या होत्या.

एक गोष्ट राहिली. मी मामाला म्हटलं, समजा उद्या करार झाला आणि तू थेट ढाक्याला गेलास, तर चांगलंच ना? तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, बेनापोलच्या यार्डात शेकडो हमाल आहेत, बनगावात स्थानिक ट्रकवाले आहेत, पार्किंगवाले, जेवणाच्या टपऱ्या, कागद करून देणारी पोरं. त्यांचं पोट या थांबण्यावर आहे. म्हणून तर हे सहज सुटत नाही. करारांच्या बातम्यांत या माणसांचा उल्लेख मला कुठे आढळला नव्हता, पण प्रत्येक बैठकीच्या मागे त्यांच्या संघटना उभ्या असणार, एवढं समजलं.

आणि त्याचं स्वतःचं काय? "ढाक्याला जायला आवडंल. पण तिकडं गाडी बिघडली तर मिस्त्री कोण? आणि परतीचं भाडं कोण देणार? रिकामी आणायची झाली तर परवडत न्हाई." हा प्रश्न आताही आहेच. बेनापोलहून गाडी रिकामी येते. बांगलादेशाचा माल बांगलादेशाच्या गाडीतून पेट्रापोलला येतो, तो मामाला मिळत नाही. म्हणून कोलकात्याजवळ डानकुनीला येऊन नागपूर किंवा नाशिककडचं भाडं मिळेपर्यंत थांबायचं.

हा लेख पूर्ण करताना परवा त्याला फोन केला. डानकुनीलाच होता, तिसरा दिवस. लोखंडाच्या पट्ट्यांचा माल मिळेल असं दलाल म्हणतोय, पण भाव कमी देतोय. "बघतो अजून एक दिवस," म्हणाला, आणि मग मलाच विचारलं, "तुझ्या परीक्षा कधी सुरू हाईत?"